काचतंतूंची नौका : बाह्यपृष्ठाची झळाळी व तिची पुनःस्थापना

काचेचे बारीक तंतू पॉलिएस्टर वर्गातील रेझिनात बसवून साच्यात तयार केलेल्या नौकेच्या कवचाला (पाण्याशी व हवेशी संबंध येणाऱ्या बाहेरच्या सर्व अंगाला) मुळात आरशासारखी झळाळी असते. ऊन, पाणी, क्षार व घर्षण यांमुळे काही वर्षांत ती लोपते, रंग फिका पडतो आणि पृष्ठावर खडूसारखी भुकटी सुटू लागते. ही खराब झालेली वरची पातळ त्वचा नियंत्रित रीतीने घासून काढणे, तिच्याखालचे निरोगी पृष्ठ प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने गुळगुळीत करणे आणि त्यावर रक्षक लेप देणे, या क्रियांना मिळून झळाळीची पुनःस्थापना म्हणता येईल. व्यवहारात ‘फायबरच्या बोटीला पॉलिश मारणे’ एवढ्याच शब्दांत या कामाचा उल्लेख होतो. परंतु त्यामुळे त्याचे खरे स्वरूप झाकले जाते. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणे अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे मुख्य काम लावण्याचे नसून काढण्याचे असते आणि जे काढले जाते ते पुन्हा भरून येत नाही.

प्रसार : पॉलिएस्टर रेझीन व काचतंतू यांपासून नौका बनविण्याचे यशस्वी प्रयत्न अमेरिकेत १९४२ च्या सुमारास झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र झपाट्याने पसरले. भारतात प्रदीर्घ काळ सागासारख्या लाकडाच्या नौकांचेच वर्चस्व होते. फळ्यांच्या फटींत कापूस वा काथ्या ठोकून त्या बुजविणे, वरच्या अंगाला माशाचे तेल चोपडणे, पाण्याखालच्या अंगाला राळ व चुना यांचा लेप देणे ही कोकणातील नौकेची वार्षिक निगा होती. लाकूड महाग व दुर्मिळ होत गेल्यावर प्रथम लाकडी नौकांवर काचतंतूंचे आवरण चढविण्याचा आणि पुढे संपूर्ण नौकाच या द्रव्याची बनविण्याचा मार्ग पुढे आला. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या दोन्ही दिशांनी संशोधन केले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर अशा नौकांचा प्रसार विशेष वेगाने झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही बाहेरून बसवायच्या एंजिनावर चालणाऱ्या लहान मासेमारी होड्या आता बहुधा याच द्रव्याच्या असतात.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशातही ‘फायबर बोट’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. जलाशयांवरील मासेमारी, नौकाविहार आणि पुराच्या वेळचे बचावकार्य या तीन कामांसाठी ती वापरली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे नळगंगा नदीवरील गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. ही नदी पूर्णेला व पूर्णा तापीला मिळते. वरच्या अंगाला मोताळा तालुक्यात नळगंगा जलाशय आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४३°–४५° से. पर्यंत चढतो आणि पावसाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यात अल्पावधीत मोठे पूर येऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांना अतिवृष्टीचा तडाखा बसला होता. अशा ठिकाणी बचावासाठी ठेवलेल्या होडीचे आयुष्य समुद्रावरील होडीपेक्षा अगदी वेगळे असते. ती वर्षाचे बहुतेक दिवस पाण्यात नव्हे, तर उन्हात काढते आणि जेव्हा लागते तेव्हा तासाभरात लागते. तिचे कवच पाण्याने नव्हे, तर प्रकाशाने झिजते. समुद्रावरील नौकेच्या निगेचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते याच कारणाने.

कवचाची घडण : अशी नौका बाहेरून आत या क्रमाने बनविली जाते. घासून चकचकीत केलेल्या साच्याला प्रथम मेण लावतात, म्हणजे नौका साच्याला चिकटत नाही. त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनाचा एक सलग थर फवाऱ्याने वा ब्रशाने देतात. त्याला धंद्यात जेलकोट म्हणतात. हा थर अर्धवट घट्ट झाला की, त्यावर काचतंतूंची चटई व विणलेले कापड रेझिनात भिजवून एकावर एक बसवितात व रूळ फिरवून आतली हवा काढून टाकतात. रेझीन घट्ट होण्यासाठी त्यात एक ते दोन टक्के पेरॉक्साइड (कारागिरांच्या भाषेत हार्डनर) आणि अल्प प्रमाणात कोबाल्टाचे संयुग मिसळलेले असते. त्यामुळे लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांस आडव्या बंधांनी जोडले जाऊन न वितळणारे घनद्रव्य तयार होते (पहा : बहुवारिकीकरण). साच्यातून काढलेल्या नौकेचे बाह्यपृष्ठ हे साच्याच्या पृष्ठाची हुबेहूब प्रतिकृती असते. मूळ झळाळी ही रंगाची वा मेणाची नसून साच्याची असते.

जेलकोटाची जाडी साधारणतः ०·४ ते ०·६ मिमी., म्हणजे ४०० ते ६०० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मीटरचा दशलक्षांश) असते. त्याच्या मागे काही मिलिमीटर जाडीचा काचतंतूंचा थर असला, तरी पाणी व ऊन यांपासून संरक्षण करण्याचे काम या पातळ थराचेच आहे. तो सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो. कडा, कंगोरे आणि पठाणाजवळची वळणे (पठाण म्हणजे तळाच्या मध्यावरून नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारी कणा-रेषा) येथे तो पातळ राहिलेला असण्याचा संभव अधिक असतो. नौकेबरोबर मिळालेले हे भांडवल आहे. ऊन, वाळू व पॉलिश करणारा कारागीर हे तिघेही त्याच भांडवलातून खर्च करीत असतात.

झळाळीचे भौतिक स्वरूप : पॉलिएस्टर रेझिनाचा प्रणमनांक (हवेतील व द्रव्यातील प्रकाशवेगांचे गुणोत्तर) सु. १·५५ असतो. अशा द्रव्याच्या पृष्ठावर लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी केवळ पाच टक्क्यांच्या आतबाहेर प्रकाश पृष्ठावरून परावर्तित होतो. उरलेला आत शिरून रंगद्रव्याच्या कणांवरून सर्व दिशांना विखुरला जातो व आपल्याला रंग म्हणून दिसतो. पृष्ठ गुळगुळीत असेल, तर तो पाच टक्के प्रकाश एकाच दिशेने जातो, त्यात समोरच्या वस्तूंची प्रतिबिंबे दिसतात व त्यालाच आपण झळाळी म्हणतो. पृष्ठ खडबडीत झाले की, तेवढाच प्रकाश अस्ताव्यस्त विखुरतो. तो पांढरा असल्याने खालच्या रंगात मिसळतो व रंग फिका वाटू लागतो. गडद निळी वा लाल होडी पांढऱ्या होडीच्या आधी विटलेली दिसते याचे एक कारण हेच आहे.

खडबडीतपणा किती चालतो, हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०·४ ते ०·७ मायक्रॉन असते. पृष्ठावरील उंचसखलपणा त्याच्या आठव्या हिश्श्याहून कमी असल्यास पृष्ठ समोरून पाहतानाही आरशासारखे वाटते. तिरक्या दिशेने मात्र बराच अधिक खडबडीतपणाही खपून जातो. निस्तेज झालेल्या होडीच्या एका टोकाला उभे राहून कवचाशी डोळा जवळजवळ समपातळीत नेऊन पाहिल्यास ती चकाकताना दिसते, ते यामुळे. होडी विकत घेताना तिची परीक्षा लंब दिशेने व उन्हात करावी असा सल्ला जाणकार देतात, त्यामागेही हेच कारण आहे.

विटलेली होडी ओली असताना नव्यासारखी दिसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पाण्याचा प्रणमनांक (१·३३) हवेपेक्षा रेझिनाच्या बराच जवळ असल्याने पाण्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्म खड्डे भरून काढतो, खड्ड्यांच्या भिंतींवरून होणारे परावर्तन नगण्य उरते आणि पाण्याचा स्वतःचा सपाट पृष्ठभाग झळाळी पुरवितो. पाणी वाळले की सर्व पूर्ववत होते. कोणतेही तेल किंवा मेण विटलेल्या पृष्ठावर चोळले असता जी तत्काळ चकाकी येते, ती नेमकी याच जातीची असते. ती टिकते काही दिवस किंवा आठवडे. दरम्यान तेलाला धूळ चिकटते आणि पुढे खरे काम करण्याची वेळ आली म्हणजे ते तेल आधी काढून टाकावे लागते. विक्रीपूर्वी होडी चकचकीत करण्याचा हा सोपा उपाय असल्याने खरेदीदाराने त्याविषयी सावध असावे.

ऱ्हासाची कारणे : सर्वांत मोठे कारण सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण हे होय. या किरणांतील ऊर्जा रेझिनाच्या रेणूंतील काही बंध तोडण्यास पुरेशी असते. तुटलेल्या टोकांशी हवेतील ऑक्सिजनाचा संयोग होऊन ऑक्सिडीभवनाची साखळी सुरू होते. पॉलिएस्टराच्या रेणूंतील एस्टर गटांचे पाण्यामुळे जलीय विच्छेदनही होते. उष्णतेने या दोन्ही विक्रियांचा वेग वाढतो. परिणामी पृष्ठालगतचे रेझीन ठिसूळ होऊन झडते आणि त्याने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात. हातावर येणारी पांढरी भुकटी ती हीच. पांढऱ्या नौकांतील टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे रंगद्रव्य जंबुपार किरण शोषून खालच्या थरांचे रक्षण करते. त्याच वेळी त्याच्या कणांच्या पृष्ठावर होणाऱ्या प्रकाशरासायनिक विक्रिया लगतच्या रेझिनाला मारकही ठरू शकतात, म्हणून उत्पादक कणांना निष्क्रिय ऑक्साइडांचे वेष्टन देतात. पिवळेपणा हा ऱ्हासाचा आणखी एक प्रकार असून तो रेझिनात निर्माण होणाऱ्या नव्या रासायनिक गटांमुळे येतो.

हा ऱ्हास पृष्ठापासून फार खोल जात नाही, ही त्यातली समाधानाची बाजू. जंबुपार किरण वरच्या काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंतच्या थरातच बहुतांशी शोषले जातात. त्याखाली जेलकोट बहुधा शाबूत असतो. पुनःस्थापना शक्य होते ती यामुळेच. परंतु भुकटी झालेला थर वेळीच काढून संरक्षण दिले नाही, तर पाऊस व घर्षण यांनी तो धुपून जातो, नवे पृष्ठ उघडे पडते व ऱ्हासाची फेरी पुन्हा सुरू होते. दुर्लक्षित होडी अशा रीतीने थराथराने झिजते.

तपासणी : काम सुरू करण्यापूर्वी कवचाची अवस्था ठरवावी लागते. काळ्या कापडाने पृष्ठ चोळल्यास भुकटी किती सुटते, ते कळते. भुकटी अल्प असून ओल्या बोटाने रंग खुलत असेल, तर कागदाने घासण्याची गरज पडत नाही. बारीक पॉलिशनेच काम भागते. भुकटी दाट असून खाली बारीक ओरखडे असतील, तर कागदापासून प्रारंभ करावा लागतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसत असतील, तर प्रश्न झळाळीचा राहत नाही. त्या भेगा आघाताने किंवा कवच वारंवार लवल्याने पडलेल्या असतात व मागचा थर कमकुवत झाल्याचे त्या सुचवितात. अशा ठिकाणी नाण्याने वा लाकडी दांड्याने ठोकून पाहतात. निरोगी भागाचा आवाज खणखणीत आणि थर सुटलेल्या भागाचा बद्द येतो. काचतंतूंची वीण पृष्ठावर उमटून दिसत असेल, तर जेलकोट जवळजवळ संपला असे समजावे व घासण्याचा विचार सोडून द्यावा.

नौका मुळातच रंगविलेली आहे काय, हेही आधी पाहणे अगत्याचे असते. साच्याविना, लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतू व इपॉक्सी रेझीन चढवून बांधलेल्या नौकांना जेलकोट नसतोच. त्यांची झळाळी रंगलेपाची असते. गोव्यात दिवाडी बेटावरील नौकाशाळेत बांधलेली आणि दिलीप दोंदे (२००९–१०) व अभिलाष टॉमी (२०१२–१३) यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस वापरलेली भारतीय नौसेनेची ‘म्हादेई’ ही लाकडी गाभ्याच्या अशा बांधणीचे प्रसिद्ध उदाहरण होय. रंगलेपाची जाडी जेलकोटाच्या काही अंशांइतकीच असल्याने तेथे कागदाने घासण्याचा प्रयोग सहसा करू नये. टवका उडालेल्या जागी रंगाचे वेगवेगळे थर दिसले, तर नौका रंगविलेली आहे हे उघड होते.

प्रत्यक्ष कृती : पहिली पायरी धुण्याची. गोड्या पाण्याने मीठ, वाळू व धूळ पूर्णपणे काढली नाही, तर पुढच्या प्रत्येक घर्षणात हेच कण खोल ओरखडे पाडतात. त्यानंतर सौम्य साबणाने धुऊन शेवाळ व कळकट काढतात. खिळे-बोल्टांखाली उतरलेले गंजाचे ओघळ आणि पाण्याच्या रेषेजवळचा पिवळा डाग ऑक्झॅलिक अम्लाच्या पातळ विद्रावाने निघतात. हे अम्ल विषारी असल्याने रबरी हातमोजे आवश्यक असतात व नंतर भरपूर पाण्याने धुवावे लागते. मग विद्रावकात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने जुने मेण व तेल पुसून घेतात. ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते व पुढच्या अपयशाचे कारण पुष्कळदा तीच असते. मेण राहिल्यास कागद त्याने भरून जातो, कापत नाही, आणि मेण ओरखड्यांत दाबले जाऊन पुढे रंग किंवा लांबी धरू देत नाही.

काम सावलीत व थंड पृष्ठावर करावे. उन्हात तापलेल्या कवचावर पॉलिश सुकून चिकटून बसते. प्रथम एखाद्या आडबाजूच्या हातभर जागेवर सर्वांत सौम्य उपाय करून पाहावा. तो पुरला तर त्याहून जहाल काहीही वापरू नये. पुरला नाही, तरच एक पायरी खाली यावे. नव्या कारागिराची प्रवृत्ती नेमकी उलट, म्हणजे भरड कागदापासून आरंभ करण्याची असते. त्यात वेळ वाचल्याचा भास होतो. वस्तुतः भरड कागदाचे ओरखडे काढण्यासाठी नंतर तितकाच थर आणखी काढावा लागतो.

कागदाने घासायचे ठरल्यास पाण्यात भिजवून वापरावयाचा सिलिकॉन कार्बाइडाचा कागद (पाणी पेपर) घेतात. त्याचा क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक : ६०० क्रमांकाच्या कागदावरील कण सु. २६ मायक्रॉन, १००० च्या सु. १८ आणि २००० च्या सु. १० मायक्रॉन व्यासाचे असतात. कागद रबराच्या वा बुचाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळून घासावा. नुसत्या बोटांनी घासल्यास दाब बोटांखाली एकवटतो व उन्हात पाहिल्यावर पृष्ठावर पन्हळी दिसतात. साधारणतः ६०० किंवा ८०० पासून सुरुवात करून १०००, १५०० व गरजेप्रमाणे २००० असा क्रम ठेवतात. प्रत्येक क्रमांकाची घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात असावी. आधीच्या दिशेचे सर्व ओरखडे नाहीसे झाले की, पुढचा क्रमांक घ्यावयाचा. एकही क्रमांक वगळला, तर त्याचा हिशेब शेवटी झळाळी आल्यावर उघडा पडतो, कारण चकचकीत पृष्ठावर खोल ओरखडे अधिकच उठून दिसतात. घासताना सुटणारे पाणी दुधी व कवचाच्या रंगाचे असते. त्यात वेगळा रंग किंवा मागच्या थराचा पारदर्शक पिवळट-हिरवट झाक असलेला भाग दिसू लागला, की तत्काळ थांबावे.

कागदानंतर अपघर्षक (घासून झिजविणाऱ्या) लेपांची पाळी येते. प्रथम भरड, म्हणजे बाजारात ज्याला रबिंग कंपाउंड म्हणतात तो, व नंतर बारीक पॉलिश असे दोन लेप पुरतात. त्यांतील ॲल्युमिनासारखे कठीण कण लोकरीच्या किंवा फोमाच्या गादीने पृष्ठावर फिरविले जातात. हाताने हे काम लहान होडीपुरतेच शक्य असते. मोठ्या कवचासाठी फिरत्या गादीचे यंत्र वापरतात व त्याचा वेग मिनिटाला हजार ते दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान ठेवतात. एका वेळी सु. अर्धा मीटर लांबी-रुंदीची जागा घ्यावी, यंत्र सतत हलते ठेवावे. एकाच जागी थांबल्यास घर्षणाच्या उष्णतेने जेलकोट करपून पिवळा पडतो. कंगोऱ्यांवर यंत्र न नेणे उत्तम. तेथे थर आधीच पातळ असतो व गादीचा दाब मात्र सर्वांत जास्त पडतो. अशा कडांवर आधी चिकटपट्टी लावून ठेवून नंतर त्या हाताने पुसून काढण्याची पद्धत चांगली आहे.

सूक्ष्म कागदापासून केलेल्या एका पूर्ण फेरीत जेलकोटाचे काही दशक मायक्रॉन खर्ची पडतात. मूळ थर ५०० मायक्रॉनांचा धरला, तरी अशा फेऱ्या मोजक्याच करता येतील, हे उघड आहे. दरवर्षी कागद मारून होडी लखलखीत ठेवणारा मालक तिचे आयुष्य कमी करीत असतो. दरवर्षी केवळ धुऊन मेण लावणारा ते वाढवितो.

रक्षक लेप : घासून उघडे पडलेले ताजे पृष्ठ तसेच ठेवल्यास ते लवकरच पुन्हा विटते. त्यामुळे लगोलग मेण किंवा कृत्रिम बहुवारिकाचा लेप देतात. मेणांमध्ये ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण कठीणपणामुळे श्रेष्ठ मानले जाते. त्याचा वितळबिंदू ८०° से. च्या वर आहे, ही गोष्ट उष्ण प्रदेशात महत्त्वाची ठरते. लेप पातळ द्यावा, धुरकट होईपर्यंत वाळू द्यावा व मऊ सुती फडक्याने पुसून काढावा. जाड लेपाने संरक्षण वाढत नाही, धूळ मात्र वाढते. आपल्याकडील उन्हात मेणाचा परिणाम काही महिनेच टिकतो. पाण्याचे थेंब पृष्ठावर मण्यांसारखे न राहता पसरू लागले, की लेप संपला असे समजतात. सिलिकोनयुक्त पॉलिशे दीर्घकाळ चकाकी देतात, परंतु त्यांचा अंश पृष्ठावर राहिल्यास पुढे रंग वा दुरुस्तीचा थर नीट चिकटत नाही. ज्या होडीला लवकरच दुरुस्ती लागणार आहे तिच्यावर ती वापरू नयेत. फरशीसाठी बनविलेली ॲक्रिलिक द्रवरूप पॉलिशे लावून भुकटीचा थर झाकण्याचा उपाय काही जण करतात. झळाळी लगेच येते, पण काही काळाने तो पापुद्रा पिवळा पडून सोलवटतो व काढणे जिकिरीचे होते.

जेलकोट संपला असल्यास : येथे घासणे हा उपाय उरत नाही. टवके व भेगा रुंद करून त्या जेलकोटाच्याच लांबीने भरतात आणि संपूर्ण कवचावर इपॉक्सी अस्तर देऊन त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग देतात. नवा जेलकोट बाहेरून देता येतो. परंतु पॉलिएस्टर रेझीन हवेच्या सान्निध्यात पृष्ठावर चिकट राहते, कारण हवेतील ऑक्सिजन बहुवारिकीकरण रोखून धरतो. साच्यात ही अडचण येत नाही, कारण तेथे थराची एक बाजू साच्याला लागलेली असते. म्हणून बाहेरून देण्याच्या जेलकोटात थोडे पॅराफीन मेण मिसळतात. ते वर तरंगून हवेला अटकाव करते. हे काम कोरड्या हवेत करावे लागते. किनाऱ्यावर मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैमध्ये, नौका वर ओढलेल्या असतात व नारळी पौर्णिमेपूर्वी त्या सजवून तयार करण्याची रीत आहे. परंतु हवेतील बाष्प त्या वेळी सर्वाधिक असल्याने रेझीन व रंग यांच्या कामाला तोच काळ सर्वांत प्रतिकूल असतो. धुणे, घासणे व पॉलिश पावसाळ्यात छपराखाली करता येतात. रंगकाम मात्र त्याआधी किंवा नंतर करणेच श्रेयस्कर.

पाण्याखालचा भाग : सतत पाण्यात राहणाऱ्या नौकेच्या पाण्याखालच्या अंगाला झळाळी देण्यात अर्थ नसतो. तेथे समुद्रात बार्नेकल व शेवाळ यांची वाढ रोखण्यासाठी बहुधा क्यूप्रस ऑक्साइडयुक्त रंग देतात. कथिलाची कार्बनी संयुगे असलेले रंग पूर्वी प्रभावी म्हणून वापरात होते. सागरी जीवांना होणाऱ्या अपायामुळे २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ते निषिद्ध ठरले व हा करार २००८ मध्ये अंमलात आला.

या भागाचा खरा शत्रू म्हणजे तर्षणाने येणारे फोड. जेलकोटातून पाणी अत्यल्प प्रमाणात आत झिरपते, आतील विद्राव्य पदार्थ विरघळवून संहत विद्राव बनविते आणि हा विद्राव आणखी पाणी ओढून घेतो. वाढत्या दाबाने जेलकोट फुगतो (पहा : तर्षण). फोड फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो. बाहेरचे पाणी जितके शुद्ध तितका आतील व बाहेरील विद्रावांतील फरक मोठा, म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात आणि थंड पाण्यापेक्षा उबदार पाण्यात हे फोड लवकर येतात. धरणाच्या पाण्यात खारेपणा नसल्याने नौका तेथे सुरक्षित राहते, ही समजूत या बाबतीत चुकीची आहे. नळगंगेसारख्या जलाशयात बारमाही बांधून ठेवलेल्या होडीचा जेलकोट वरून चमकत असतानाही खालून फोडांनी भरलेला असू शकतो. अशी होडी वर्षातून काही आठवडे कोरड्या जागी वर काढून ठेवणे हा साधा व परिणामकारक उपाय होय. फोडांच्या दुरुस्तीपूर्वी कवच पूर्ण वाळणे अत्यावश्यक असते व त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात.

घ्यावयाची काळजी : कोरड्या घासण्याने उडणारी धूळ, विशेषतः काचतंतूंपर्यंत पोहोचल्यानंतरची, डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना अपायकारक असते, शक्यतो पाण्यानेच घासावे व तोंडावर योग्य मुखवटा असावा. ॲसिटोन सहज पेट घेते. हार्डनर म्हणून वापरले जाणारे पेरॉक्साइड डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. ते व कोबाल्टाचे संयुग कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, कारण स्फोटक विक्रिया होते. एक घटक रेझिनात पूर्ण ढवळल्यानंतरच दुसरा घालावयाचा असतो. पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटांमुळे दम्याचा विकार जडू शकतो, त्यामुळे त्याची फवारणी साध्या कापडी फडक्याच्या आडोशाने करणे धोक्याचे आहे. लहान कारखान्यांतून या गोष्टींकडे होणारे दुर्लक्ष हे या धंद्याचे एक मोठे वैगुण्य आहे.

साठवण : उष्ण व कोरड्या अंतर्भागात होडीच्या पृष्ठाचे आयुष्य पॉलिशपेक्षा साठवणीवर अधिक अवलंबून असते. उन्हाळ्याच्या दुपारी गडद रंगाच्या कवचाचे तापमान ७०° से. च्या पुढे जाऊ शकते. पांढरे कवच त्या मानाने बरेच थंड राहते, म्हणून बचावाच्या होडीला आत-बाहेर फिकट रंगच योग्य. पत्र्याची वा गवताची साधी छपरीदेखील जंबुपार किरणांचा मोठा भाग अडविते. ताडपत्री झाकावयाची झाल्यास ती कवचाला चिकटून न बांधता बांबूच्या कमानींवरून ताणावी, म्हणजे आतून हवा खेळते. अंगाला लागलेली ताडपत्री वाऱ्याने घासून पृष्ठ झिजविते आणि पावसात तिच्याखाली ओल कोंडते. होडी दोन दगडांवर टेकवून ठेवण्याची पद्धत विशेष घातक आहे : उष्णतेने किंचित मऊ झालेले कवच त्या दोन बिंदूंवर महिनोन् महिने दबून खचते आणि तेथेच पुढे जाळीदार भेगा उमटतात. पठाणाच्या संपूर्ण लांबीला आधार देणारे लाकडी पाळणे त्यासाठी वापरावेत, किंवा लहान होडी फळ्यांवर पालथी घालावी. तळाचे पाणी काढण्याचे बूच उघडे ठेवावे. मृगाच्या आधी होडी धुऊन, ठोकून व आवाज ऐकून तपासावी, मेणाचा एक हात द्यावा, बूच पुन्हा बसवावे व काही तास पाण्यात सोडून गळती पाहावी. कवचातील दोष छपरीत सापडला, तर तो दुरुस्त करण्यास आठवडा मिळतो.